शेष: एकतीस तास

घरी गाणी ऐकायला दरमहा वर्गणी भरून ती नादकोठी घ्यावी का, हे या आठवड्यात मला विचारणाऱ्या तुम्ही चौथ्या. तीस वर्षं आयटीआयमध्ये पोरांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, म्हणून गल्लीतली कुठलीही बाई नवा डबा घरात आणण्याआधी माझ्याकडे येते. पूर्वी मी एका शब्दात सांगायचे, घ्या किंवा घेऊ नका. आता तसं सांगत नाही. आता बसा म्हणते, चहा टाकते आणि जे घडलं ते सांगते. मध्ये बोलू नका. माझं डोकं अजून थंड झालेलं नाही.

इचलकरंजीत आमच्या घराला लागून आप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, चार यंत्रमाग होते. एक माग चालू झाला की ओरडून बोलावं लागायचं, चारही चालू झाले की नुसत्या खुणा. शेडची आणि आमच्या बाहेरच्या खोलीची भिंत एकच. त्या खोलीत दर मंगळवारी तीन ते पाच आईचं चौंडेश्वरी महिला भजनी मंडळ बसायचं. अकरा बायका, अकरा भजनं, क्रम ठरलेला, चौदा वर्षं. लोक हसायचे, एवढ्या खडखडाटात कसली डोंबलाची भजनं! अहो, त्या खडखडाटावरच तर भजनं होती. मंडळात तबला नव्हता, मृदंग नव्हता. तीन नंबरचा माग बाकीच्यांपेक्षा जरा संथ चालायचा, खट-खटक, खट-खटक, आणि आई त्याच्यावर लय धरायची. वीज गेली की भजन थांबायचं आणि बायका चहा प्यायच्या. वीज आली की जिथं सोडलं तिथून पुढं.

अकरावं भजन आईनं स्वतः रचलेलं होतं. मागावर सूत तुटलं की कामगार ते सांधतो, त्याच्यावर. आई विचारायची, ‘तुटला धागा, कोण गं सांधी?’ आणि बायका उत्तर द्यायच्या, ‘मी गं सांधी, मी गं सांधी.’ मी त्यात कधीच नव्हते. बारा वर्षांची असताना मी एकदा मोठ्यानं उत्तर दिलं, तर आईनं सगळ्यांसमोर सांगितलं, "शाले, तू आपला चहा ठेव." माझा सूरच तसा आहे. तेव्हापासून मंगळवारचा चहा माझ्याकडे आला आणि गाणं कायमचं सुटलं. आज चौसष्ट वर्षांची आहे, देवाची आरतीसुद्धा ओठातल्या ओठात म्हणते.

आप्पांना गाण्यातलं काही कळत नव्हतं, पण आईचं फार कौतुक. कॅसेट हाताशी असेल त्या मंगळवारी ते टेपरेकॉर्डर खिडकीत ठेवायचे. कॅसेटच्या डबीतल्या कार्डावर बारीक अक्षरात तारीख लिहायचे आणि खाली ‘माग तीन चालू’. अशा एकशे सव्वीस कॅसेटी. आप्पा गेले, आई गेली, माग भंगारात गेले, कॅसेटी माळ्यावर राहिल्या.

माझा धाकटा भाऊ उमेश पुण्यात असतो. दोन वर्षांमागं, म्हणजे छत्तीसच्या दिवाळीत, तो माळ्यावर चढला आणि खाली आला तो नाकाला रुमाल लावूनच. "आक्का, बुरशी धरलीय सगळ्याला. आणखी दोन पावसाळे गेले तर आईचा आवाज गेला समज. नादकोठीला देऊया. ते साफ करून, लावून, सगळं घरी ऐकवतात." मी हो म्हटलं. हे आधीच सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल सगळं खापर मी त्याच्यावर फोडतेय. मी हो म्हटलं, कारण बुरशी खरंच धरली होती, आणि तीस वर्षं पोरांना टेपचं हेड कसं पुसायचं ते शिकवणाऱ्या बाईनं स्वतःच्या माळ्यावरची एक कॅसेट कधी पुसली नव्हती.

कुरियरवाला खोकी घेऊन गेला. कॅसेटी परत आल्या नाहीत. ‘मूळ माध्यमाची पर्यावरणपूरक विल्हेवाट’ असल्या नावाचा एक चौकोन होता अर्जात, त्यावर उमेशनं टिक केली होती. मी फोनवर त्याला एवढं बोलले की शेजारच्या खिडकीतून दोन डोकी बाहेर आली. तो म्हणाला, "अगं, आता सगळं त्यांच्याकडे आहे ना. तो पसारा हवाय कशाला?"

मग डबा आला. पांढरा, लाडूच्या डब्याएवढा. खातं माझ्या नावावर, ऐकणार आम्ही दोघं, मी इथं आणि तो पुण्यात. मी म्हटलं, आईचं अकरावं भजन लाव.

आई गायली. खोटं कशाला बोलू, मी रडले. टेपवरची खरखर नाही, आवाज स्वच्छ, आई समोर पाटावर बसलीय असं वाटावं इतका जवळून. दोन दिवस मी तेच ऐकत होते. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना हात थांबला. माग कुठं होता? इतक्या वेळा ऐकलं, एकदाही खट-खटक नाही. मी मनाशी म्हटलं, बरं, ती घरघर काढली असेल, चांगलंच आहे. तिथंच माझं चुकलं.

हे यंत्र काय करतं ते नीट समजून घ्या, कारण जाहिरातीत सांगत नाहीत. पूर्वी गाणं साठवायचं म्हणजे आवाजाच्या लाटा साठवायच्या, आधी टेपवर चुंबकानं, नंतर संगणकात आकड्यांनी. चूक, खोकला, भांड्याचा आवाज, जे आलं ते सगळं त्यात. नादकोठी लाटा ठेवतच नाही. ती गाणाऱ्याला शिकून घेते. गळा कसा आहे, श्वास कुठं घेते, कुठल्या अक्षरावर रेंगाळते, हे शंभर तास ऐकून ती त्याचं एक बीज करते. बीज म्हणजे आकड्यांचं पुडकं, तुमच्या फोनमधल्या दहा फोटोंएवढं. तुम्ही गाणं लावलं की डबा त्या बीजापासून ते गाणं नव्यानं गातो, तुमच्या खोलीला आणि स्पीकरला शोभेल असं. कंपनीची जागा वाचते, तुम्हाला खरखर ऐकावी लागत नाही.

आणि हे नुसतं साठवत नाही, आवरतंसुद्धा. एकच गाणं चार वेळा असलं तर जास्तीची काढून टाकतं. आता आमच्या मंडळाचं बघा. अकरा भजनं, तोच क्रम, त्याच बायका, तोच खिडकीतला टेपरेकॉर्डर. यंत्राला वाटलं, कुणीतरी एकच कॅसेट एकशे सव्वीस वेळा उतरवून ठेवलीय. त्यानं सगळ्यांची मिळून एक केली आणि वर शिक्का मारला, ‘सर्वोत्तम प्रत’. तरणी आई, दम्यानं थकलेली आई, आज्जी गेली त्या आठवड्यात घसा बसलेली आई, सगळ्या मिळून एक गुळगुळीत बाई.

हे मला कळलं ते हौसाकाकूमुळं. हौसाकाकू मंडळातली टाळकरीण, मागच्या गल्लीत राहते. वय शहात्तर, गुडघे गेलेले, आमचा जिना चढताना देवाला आणि डॉक्टरला आळीपाळीनं शिव्या देते. तिला एकच लेक होती, रेशमा. आम्ही रेशी म्हणायचो. नऊ वर्षांची, आईबरोबर मंडळाला यायची आणि शेडच्या उंबऱ्यावर बसायची. तिला धीर म्हणून नव्हता. आईचा प्रश्न संपायच्या आत हिचं ‘मी गं सांधी’ सुरू. बायका हसायच्या, आई डाफरायची. ब्याण्णव साली नारळी पौर्णिमेच्या आधीच्या मंगळवारी आईनं कौतुकानं तिला एकटीला उत्तर द्यायला लावलं आणि आप्पांनी ते टेप केलं. दसऱ्याला रेशी तापानं गेली. चार दिवसांत गेली.

तिचा एक फोटो आहे, शाळेतला, त्यात नेमके डोळे मिटलेले. आणि ती कॅसेट. आप्पांनी वर्षभरानं काकूला विचारलं होतं, ऐकवू का? काकू म्हणाली, "नको. तुमच्या घरात हाय ना, मग असू दे. मला झेपंल तवा मागीन." सेहेचाळीस वर्षं तिनं मागितलं नाही.

ह्या श्रावणात ती जिना चढून आली, दाराशीच टेकली आणि म्हणाली, "शाले, आता लाव. आता ऐकीन मी."

मी केवढ्या तोऱ्यात डब्याला सांगितलं, ‘अकरावं भजन, ऑगस्ट एकोणीसशे ब्याण्णव’! डबा म्हणाला, ‘ही नोंद सर्वोत्तम प्रतीत समाविष्ट केली आहे.’ आणि आई गायला लागली. काकूनं पदर सावरला, डोळे मिटले. ‘तुटला धागा, कोण गं सांधी?’ आणि मागून दहा बायकांचा कोरस, एका सुरात, एका ठोक्यावर, शाळेच्या कवायतीसारखा. भजन संपलं. काकूनं डोळे उघडले नाहीत.

"पुढं लाव की," ती म्हणाली.

"काकू, संपलं."

"रेशी कुठं हाय?"

मी पुन्हा लावलं. नाव बदलून लावलं, तारीख बदलून लावलं. तेच भजन, तोच कोरस. काकू गुडघ्यावर हात देऊन उठली, शिव्या न देता जिना उतरली. ती शिव्या देत उतरली असती तर मला एवढं लागलं नसतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी नादकोठीला फोन लावला. तिकडं माणूस नाही हे सांगायला नकोच. गोड बाईचा आवाज.

"नमस्कार शालनताई! नादकोठी परिवारात आपलं मनःपूर्वक स्वागत. आज आपला दिवस कसा आहे?"

"दिवस खड्ड्यात घाल. ब्याण्णव सालच्या कॅसेटमधली पोर कुठं आहे?"

"मी आपल्या भावना समजू शकते, शालनताई."

"तुला भावना समजत असत्या तर तू तिला पुसली नसतीस! नऊ वर्षांची पोर, एक ओळ, कुठं घातलीत?"

ती क्षणभर थांबली. विचार करतेय असं वाटावं म्हणून थांबायला शिकवलंय त्यांना. मग म्हणाली, "तो स्वर ठेक्याच्या आधी येत असल्यामुळे तो गोंगाटात गणला गेला आहे. पण काळजी नको. समूहात त्या मुलीच्या मातोश्रींचा गळा आम्ही शिकलो आहोत. आईच्या गळ्यावरून मुलीचा गळा बऱ्याच अंशी काढता येतो. घडवून देऊ का?"

आणि मी, शहाणी, हो म्हणाले. मला वाटलं, म्हातारीला बरं वाटेल. मी स्वतः आईचा तो गुळगुळीत आवाज ऐकून दोन दिवस रडले होते की नाही? मग तिला का नको? दुसऱ्या दिवशी काकूला हाताला धरून आणलं. "सापडलं," असं म्हणाले मी. हो, खोटं बोलले.

डब्यातून एक पोर गायली. ‘मी गं सांधी, मी गं सांधी.’ गोड, खणखणीत, आईचा प्रश्न पुरता संपल्यावर, नेमकी ठोक्यावर. काकूनं मान हलवत सगळं ऐकलं. मग अगदी कौतुकानं मला विचारलं, "ग्वाड गाती. कुणाची पोर गं?"

जमीन दुभंगली असती तर मी आत गेले असते. काकूला फसवलं याची लाज, आणि त्या लाजेवर सगळा राग त्या डब्याचा. काकू गेल्यावर मी त्याच बाईला पुन्हा फोन लावला. आता ओरडले नाही. वर्गात पोरगं खोटं बोलत असलं की मी आवाज खाली आणायची, तसा आणला.

"गोंगाटात गणली म्हणालीस. तो गोंगाट तुम्ही काय करता?"

"बीजानं गायलेलं गाणं आम्ही मूळ आवाजातून वजा करतो, शालनताई. जे उरतं त्याला शेष म्हणतात. बीज बरोबर जमलं की नाही हे तपासायला शेष काही काळ ठेवावा लागतो."

"कुठं?"

"आपल्याच घरातल्या डब्यात. आमच्या कोठारात आम्ही केवळ संगीत ठेवतो. आपल्याकडे एकतीस तास शेष आहे. सोमवारच्या साफसफाईत तो आपोआप निघेल आणि आपला डबा आणखी वेगानं चालेल."

"तो मला ऐकायचाय."

"क्षमस्व. शेष हा ग्राहकाचा ऐवज नाही."

ऐका, काय म्हणाली! माझ्या आईच्या खोलीतला आवाज, माझ्या बापाच्या कॅसेटवरचा, माझ्या घरात ठेवलेल्या डब्यात, आणि माझा ऐवज नाही. दिवस शुक्रवार होता. मी डबा उलटा केला. तळाला चार स्क्रू, त्यांवर लाखेसारखा शिक्का, आणि बाजूला मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं: झाकण उघडल्यास छेडछाड समजून खातं बंद होईल, बीजं पुसली जातील. आत काय असणार ते मला न उघडता ठाऊक होतं. एक मेमरी कार्ड. कचरा म्हणून ठेवलेल्या गोष्टीला कुणी कुलूप लावत नाही, म्हणजे कार्ड साध्या संगणकावरही वाचता येणार. पण उघडलं की बीज गेलं, म्हणजे आई गेली. आणि आई माझ्या एकटीची नव्हती.

उमेशला सांगितलं. तो म्हणाला, "आक्का, हात लावू नकोस."

"सोमवारी पुसणार आहेत, उम्या."

"कचरा पुसणार आहेत. आईला नाही. तू उघडलंस तर आई पुसली जाईल. तू शेजारणीसाठी माझी आई बंद करणार?"

"ती आई नाही रे! मी घड्याळ समोर धरून तीनदा ऐकलं. तिन्ही वेळा वेगळी गायली ती. ते यंत्र गातंय."

"मग काय झालं? आई रोज वेगळीच गायची."

मी आणखी चिडले. "तुला काय माहीत कशी गायची? तू मंगळवारी कधी घरात होतास?"

"नव्हतो," तो म्हणाला. "सोळाव्या वर्षी हॉस्टेलला घातलंत मला. तू तिच्याजवळ राहिलीस, तिच्या शिव्या खाल्ल्यास, तिला शेवटचं पाणी पाजलंस. मला रोज सकाळी पंधरा मिनिटं मिळते ती. ती पण काढून घे."

फोन त्यानं ठेवला. मी शनिवारभर घरात भांडी आपटत फिरले. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, तोच तर ताप होता. पण दर वेळी विचार करता करता मला तेच दिसायचं. मुकाट जिना उतरणारी काकू. सेहेचाळीस वर्षं ती बाई आमच्या भरवशावर थांबली होती. माळ्यावर आहे म्हणून थांबली होती. आणि आम्ही भावाबहिणीनं तिची लेक कुरियरनं पाठवून दिली, आमची आई स्वच्छ ऐकायला.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी काकूला घेऊन आले. या वेळी सगळं खरं सांगितलं. परवाची पोर बनावट होती हेसुद्धा. ती म्हणाली, "कळलंच की मला. तुझा चेहरा बघून गप्प बसले." मग मी टेबलावर फडकं अंथरलं आणि स्क्रूड्रायव्हर घेतला. मी उमेशला फोन लावला. त्यानं उचलला नाही. मी निरोप ठेवला, "उम्या, उघडतेय." बाकी काय सांगणार होते?

चौथा स्क्रू निघाला आणि डबा बोलला, ‘छेडछाड आढळली आहे. शालनताई, आपलं खातं बंद करण्यात येत आहे. आपल्यासोबतचा प्रवास सुंदर होता.’ मी त्याला जे उत्तर दिलं ते तुमच्यासमोर सांगण्यासारखं नाही. काकूनं मात्र मान डोलावली.

कार्ड नखाएवढं. माझ्या जुन्या संगणकात घातलं. आप्पांनी कॅसेटींवर लिहिलेली प्रत्येक ओळ त्या यंत्रानं नावात जशीच्या तशी उतरवून घेतली होती, तेवढं मात्र इमानानं केलं होतं. अकरा ऑगस्ट ब्याण्णव, माग तीन चालू. मी दाबलं.

आधी माग. तोच, तीन नंबरचा, खट-खटक, खट-खटक. चाळीस वर्षांनी ऐकला मी तो, आणि बघते तर काकूचा हात मांडीवर आपोआप पडायला लागलेला. मग आप्पा, "चालू झालं बघ." कपबशी. बांगड्या. कुणाचातरी खोकला. आणि मग आई. गाणारी नाही, बोलणारी. यंत्राला फक्त तिचं गाणं हवं होतं. बोलणं सगळं कचऱ्यात टाकलेलं. "शाले, चहाला किती वेळ? आणि ते दार लाव आधी, धूर येतोय." तीच ती. खरखरीत, वैतागलेली, नाकातून श्वास सोडत. माझी आई. बीजात तिचा एवढासाही राग नव्हता. सगळा इथं होता.

मी तोंडावर हात धरून बसले. काकूनं माझ्याकडे पाहिलं नाही, ती वाट बघत होती.

अकरावं भजन सुरू झालं, म्हणजे आमच्या लक्षात आलं की सुरू झालं असणार. गाणं वजा झालेलं. नुसता माग, आणि आईच्या ओळीच्या जागी पोकळी. टाळ नाहीत, कोरस नाही. सुरात होत्या त्या सगळ्या बायका गायब. आणि त्या पोकळीत मध्येच, ठोक्याच्या कितीतरी आधी, एक चिरका आवाज घुसला.

‘मी गं सांधी, मी गं सांधी!’

मागोमाग आई, बोलण्यातली, "अगं थांब की रेशे, मला पुरं तर करू दे!" आणि मागच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं.

काकूचा हात मांडीवर थांबला.  ती म्हणाली, "मागं घे."

मी मागं घेतलं. पुन्हा माग, पोकळी, रेशी. पुन्हा मागं घेतलं. चौथ्या वेळेला काकूनं माझ्या मनगटाला धरलं. "शाले, ती कुणाला उत्तर देतीया? इचारणारं कुणीच न्हाई की."

"आईची ओळ वजा झालीय, काकू."

"मग तू म्हण."

"मी? काकू, मला गाता येत नाही. तुम्हाला माहीत आहे. आईनं मला..."

"तुझ्या आईनं चहाला बसवलं, मला ठावं हाय. मी हुते तिथं. म्हण आता. पोर येडी व्हऊन एकटीच वरडतीया."

मी पुन्हा मागं घेतलं. माग सुरू झाला, खट-खटक, खट-खटक.  चौसष्ट वर्षांच्या बाईला आपल्याच घरात गायची भीती वाटावी, म्हणजे काय झालं! आणि मी तोंड उघडलं. सूर कुठं लागला ते विचारू नका, खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं. ‘तुटला धागा, कोण...’

‘मी गं सांधी, मी गं सांधी!’

"अगं थांब की रेशे!" मी खरंच खेकसले, टेबलावर हात आपटून, "मला पुरं तर करू दे!"

आणि माझ्या पाठोपाठ कार्डातून आई तेच म्हणाली. तेच शब्द, तोच त्रागा, अर्ध्या क्षणाच्या अंतरानं. मागं कुणीतरी फिसकन हसलं, आणि समोर हौसाकाकू हसली, पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत. ते फिसकन हसणं तिचंच होतं. सेहेचाळीस वर्षांमागचं आणि आत्ताचं, एकच.

उमेशनं त्या रविवारपासून माझा फोन उचललेला नाही. आईचा चहासाठीचा ओरडा मी त्याला पाठवलाय, ऐकला की नाही माहीत नाही. मी पुन्हा पाठवणार आहे.

काकूनं त्या दुपारी डोळे पुसले, पाय सरळ केले आणि गुडघ्याला एक कचकचीत शिवी दिली.

"मागं घे," ती म्हणाली. "आन् ह्या खेपंला जरा मोठ्यानं म्हण."